सशानं सोडलेली फुलं

मी एक जुनी वाघूर आहे. वाघूर म्हणजे ससे धरायचं जाळं. नावात वाघ आहे, पण माझ्यात कधी वाघ आला नाही, आणि आता या वयात येऊही नये. मित्रांनो, गोष्ट सांगणाऱ्यानं स्वस्थ बसून सांगावी असं म्हणतात. ते मला जमायचं नाही. वारा नसला तरी माझी एखादी गाठ हलतेच. धावत्या जिवाची वाट पाहण्यासाठी मला विणलं होतं, आणि वाट पाहणाऱ्याला झोप कशी ती ठाऊक नसते.

दर्यापूरहून दोन कोसांवर आमचं गाव. काळी जमीन, कपाशी, आणि विहिरींना खारं पाणी. या गावात भगवंत नावाच्या माणसानं मला केलं. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. त्यानं अंबाडीचे ताट नदीच्या डोहात भिजत घातले, कुजवले, सोलले, धुतले. मग ओसरीत बसून मांडीवर सुतळी वळली. वळता वळता मांडीवरचे केस झडून तिथली कातडी गुळगुळीत झाली होती. माझं एकेक घर त्यानं तीन बोटांनी मोजलं. तीन बोटांच्या घरात सशाचं डोकं जातं आणि खांदे अडतात. चार बोटं केली तर ससा निघून जातो, दोन केली तर तो माघारी फिरतो. हे शहाणपण कुठं लिहिलेलं नव्हतं, ते त्याच्या बोटांतच होतं.

मला लावण्याचीही एक रीत होती. मला ताणायचं नाही. खुंट्यांवर सैल, झोळ देऊन सोडायचं. ताणलेल्या जाळ्यावर ससा आपटतो आणि परततो, सैल जाळं त्याच्याभोवती स्वतःच गुंडाळलं जातं. कपाशी वेचून तिची पऱ्हाटी उपटून झाली, रानं उघडी पडली की चार माणसं डबे वाजवत शेत झोडपत यायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी उभी असायची. माझी फार कीर्ती होती. शेजारच्या गावांतून मला मागायला यायचे, आणि जाताना माझ्या मालकासाठी सशाची एक मांडी ठेवून जायचे. ‘भगवंताची वाघूर लावली की ससा पाव्हन्यासारखा चालत येते’ असं लोक म्हणत. मला अभिमान वाटे. का वाटू नये? कामात तरबेज असणाऱ्या कोणालाही वाटतो. ज्याच्यावर आपण तरबेज झालो त्याला काय वाटत असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

भगवंत गेला. मी त्याच्या मुलाकडे, देवमनकडे आले. देवमन बापासारखाच हाताचा चलाख आणि तोंडाचा मुका. त्याची बायको पंचफुला, आणि त्याची म्हातारी आई गोदाबाई, अशी घरात तीन माणसं. गोदाबाईच्या तोंडात मुका शब्द एकही नव्हता.

छप्पन साली दसऱ्याला देवमन आणि पंचफुला नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीवर गेले. गोदाबाई दारात उभी राहून पाहत होती. तिनं अडवलं नाही. फक्त म्हणाली, ‘‘जाऊ द्या. यायनं तरी आपल्याले कधी मंदिरात बलावलं होतं?’’

मग देवमन माझ्याकडे वळला. पाच शिलांतलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. माझं काय करायचं?

‘‘इकून टाका,’’ पंचफुला म्हणाली.

‘‘घेनारा काय फुलं तोडीन का हिच्यानं? थो ससेच मारीन. मी मारले काय अन् त्यानं मारले काय.’’

‘‘मंग जाळा.’’

गोदाबाई आतून म्हणाली, ‘‘जाळून पाहाय. मले बी संगं जाळा लागन.’’

देवमननं मला खाऱ्या पाण्यात धुतलं, वाळवलं, आणि आढ्याच्या मेखेला टांगून ठेवलं.

मित्रांनो, टांगून राहण्यासारखी शिक्षा नाही. खाली माणसं जेवतात, भांडतात, हसतात, आणि आपण वर. संध्याकाळी रानातून सशांचा वास यायचा आणि माझ्या साऱ्या गाठी खाजायच्या. उंदरांनी माझी कड कुरतडली, कोळ्यांनी माझ्या घरांत आपली घरं केली. माझ्यापेक्षा त्यांच्या जाळ्यांना जास्त काम होतं.

दोन वर्षांत वस्तीतल्या लोकांनी मिळून कडेला, आमच्या दारासमोरच, एक विहार उभारला. मातीच्या भिंती, वर टीन, आत शेणानं सारवलेला कट्टा आणि त्यावर भगवान बुद्धाची तसबीर. वैशाखी पौर्णिमा आली. वंदनेला फुलं पाहिजेत. पण वैशाखात आमच्याकडे फूल कुठलं? रानं भाजून निघालेली, विहिरीचं पाणी असं की गुलाबाला घातलं तर तो महिनाभरात माना टाकतो. गावात फुलं एकाच ठिकाणी, महादेवरावांच्या मळ्यात. तिथं एक विहीर नशिबानं गोडी लागली होती.

पंचफुला टोपलं घेऊन गेली. परत आली तेव्हा टोपलं भरलेलं होतं आणि चेहरा रिकामा. महादेवरावांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, आपल्या हातानं मोगरा तोडून दिला होता. पण महादेवराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, आणि ते चार माणसांत हसत म्हणाले होते, ‘‘काय वो, आमचे देव सोडले, अन् फुलं मात्र आमचेच लागते?’’

मोठं काही नव्हतं ते. माणसं त्याहून वाईट बोलतात. पण पंचफुलेनं ती फुलं तसबिरीपुढं ठेवली आणि हात जोडल्यावर तिचे डोळे मिटेनात. घरी येऊन तिनं भाकर थापता थापता सांगितलं, ‘‘पुढच्या वैशाखात आपली फुलं. एक बी मागून आननार नाई. नसलं तं नसलं.’’

‘‘पाणी?’’ देवमननं विचारलं.

‘‘झिऱ्याचं आनीन.’’

झिरा म्हणजे नदीच्या पात्रात वाळू उकरून काढलेलं गोडं पाणी. गावापासून पाऊण कोस. त्या हिवाळ्यात तिनं विहाराच्या पूर्वेला वाफा केला. परतवाड्याच्या बाजारातून गुलाबाची दोन कलमं आणली, शेवंतीचे फुटवे आणले, झेंडू पेरला, मोगरा लावला, जास्वंदीची फांदी खोचली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. मी वरून पाहत होते. तिची मान दुखायची तेव्हा ती पदराचा बोळा करून मानेखाली घ्यायची, आणि पहाटे पुन्हा निघायची. फाल्गुनात वाफा हिरवागार झाला. चहूकडे काळं, भेगाळलेलं रान आणि मध्ये रुमालाएवढं हिरवं. मैलभरातून दिसावं असं.

दिसलंच ते. सशांना.

पहिल्या दिवशी शेवंती गेली, जमिनीलगत, कात्रीनं कापावी तशी तिरकी. दुसऱ्या दिवशी जास्वंद. गुलाबाची काट्यांखालची कोवळी पालवी गेली, मग कळ्या. पंचफुलेनं बोरीच्या काट्या लावल्या, ससे खालून शिरले. तिनं राख टाकली, ते राख तुडवत आले. तीन पहाटा ती वाफ्यात डबा वाजवत बसली. चौथ्या पहाटे डोळा लागला, आणि झेंडू गेला.

‘‘देवमन,’’ गोदाबाई म्हणाली, ‘‘वाघूर काढ.’’

माझ्या अंगावरचे कोळी पळाले असतील, इतकी मी थरथरले.

‘‘मारायचं नाई, बुढे. सील घेतलं हाय.’’

‘‘मारायचं कोन म्हनलं? आडवी लाव. कुंपन म्हून. तुह्या बापानं वळलेली दोरी उंदरं खाऊन राहिले, थे पाहायले बरं वाटते तुले?’’

यात पाप काही नव्हतं. देवमननं मला खाली घेतलं, झटकलं, उन्हात धरलं. त्याच्या बोटांनी माझ्या गाठी ओळखल्या. वाफ्याभोवती खुंट्या ठोकून त्यानं मला लावलं, आणि चुकला. कुंपण ताणून बांधायचं असतं. पण त्याच्या हातांना माझी एकच रीत ठाऊक होती. त्यानं मला सैल सोडलं, झोळ देऊन, बापानं शिकवलं होतं तसं. त्याला कळलंही नाही. पंचफुलेला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ठाऊक होतं दोघींना. गोदाबाईला, आणि मला. आम्ही दोघी गप्प बसलो.

पहाटे, उजाडता उजाडता, ससा आला. आधी त्यानं बाहेरून वास घेतला, मग माझ्या टोकाखालच्या फटीतून आत शिरला आणि पोटभर खाल्लं. निघताना मात्र तो सरळ माझ्याकडे आला. डोकं आत, खांदे अडले, तो उसळला आणि मी त्याच्याभोवती गुंडाळले गेले. मित्रांनो, खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. तीन वर्षांनी कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारावी तसा. मग तो दमला, आणि त्याचं काळीज माझ्या सुतळीवर वाजू लागलं. पूर्वी मी ते कधी ऐकलं नव्हतं, कारण पूर्वी माणसं लगेच धावून यायची. आज कोणी आलं नाही. उजाडेपर्यंत मी ते ऐकत होते. ती मादी होती. पोट जड होतं.

देवमन आला, आणि त्याचा हात सरळ तिच्या मानेवर गेला. तोही सवयीचाच हात.

‘‘हात काढा,’’ मागून पंचफुला म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. समोर कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा वाफा होता, मुंडलेला. पौर्णिमेला महिना उरला होता.

‘‘एवढं खाऊन बी?’’ तो म्हणाला.

‘‘एवढं खाऊन बी. सील काय नुसतं पोट भरल्या दिवसाचं घेतलं व्हतं?’’

सोडवायला गेला तशी ती मादी अधिकच गुंतली. गाठी तिच्या गळ्यात रुतायला लागल्या. देवमननं विळा घेतला. गोदाबाई तोवर दारातून वाफ्यापर्यंत आली होती. त्यानं आईकडे पाहिलं. मग माझ्या मधोमध विळा घातला आणि भगवंताच्या हातची सोळा घरं कापली. मादी सुटली, दोनदा कोलमडली, आणि पऱ्हाटीच्या ढिगामागं गेली.

  दिवसभर गोदाबाई वाफ्याच्या कडेला बसून राहिली, माझ्या तुटलेल्या टोकांवरून बोटं फिरवत. संध्याकाळी तिनं सुनेला हाक मारली.

‘‘पंचफुला, इकडे ये वो. हे काहून नाई खाल्लं तिनं?’’

वाफ्यात सारं खलास होतं. फक्त सांडपाण्याच्या कडेला आपोआप उगवलेली एक सदाफुली उभी होती, पानही न दुखावलेली. गुलाबी फुलं तोंड वर करून.

‘‘थे मसनवट्यात उगवते, बुढे. ते कोन लावते?’’

‘‘मी इच्यारलं सशानं काहून नाई खाल्लं. तुह्या सासऱ्यानं जलमभर ससे धरले, थे कशाच्या जिवावर? ससा काय खाते, कुठून येते, काय पाहून तोंड फिरवते, हे सारं ठावं व्हतं त्याले. आता थेच उलटं धरा ना. जे खात नाई थे लावा.’’

दुसऱ्या दिवशी मला नवं काम मिळालं, आणि ते असं होतं की मी आयुष्यात कल्पना केली नसती. गोदाबाईनं मला सशांच्या वाटेवर जमिनीवर आडवं पसरलं. आणि माझ्या गाठीगाठीला एकेक डहाळी बांधली. गावात, धुऱ्यावर, नाल्यावर जे जे फुलणारं झाड होतं, आणि एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं होतं, त्याची एक डहाळी. झेंडू तिनं घेतलाच नाही. ‘‘थो चार महिन्याचा पाव्हना,’’ म्हणाली.

मी पडून राहिले. ससे आले, माझ्यावर पाय देऊन उभे राहिले, माझ्याच गाठींवरचं खाऊ लागले. मला हलायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं, कोणाला धरायचं नाही. मित्रांनो, माझ्यासारखीला याहून अवघड काम नव्हतं. माझी एकेक सुतळी उडी मारू पाहत होती. पण गोदाबाईनं मला चार कोपऱ्यांना असं ताणून बांधलं होतं की जागचं हलता येऊ नये. तिला रीत ठाऊक होती ना.

पहाटे तिघं वाकून पाहत. शेवंतीच्या जागी नुसती गाठ. गुलाब गेला, जास्वंद गेली, मोगऱ्याचे शेंडे गेले. तगरीचं पान हुंगून सोडलेलं. गुलबाक्षीला एकच चावा. सदाफुली जशीच्या तशी. कण्हेरीला तोंड नाही, रुईला तर नाहीच. आठ दिवस पाहिलं, आठही दिवस तेच. पंचफुलेनं कण्हेरीचं पान मोडलं, चीक निघाला. रुईचं मोडलं, पांढरा चीक ओघळला. तगरीतही चीक.

‘‘चीक असला की सोडते,’’ देवमन म्हणाला. ‘‘नाई तं कडू असला की.’’

‘‘हात धू आधी,’’ गोदाबाई म्हणाली. ‘‘सशाले कळते थे जहर हाय म्हून. तुले बी कळू दे.’’

म्हणजे उत्तर सापडलं होतं. पण पंचफुला उठून बाजूला झाली.

‘‘रुई मारोतीची,’’ ती म्हणाली. ‘‘कनेर महादेवाची. मंदिरामागं लावते लोकं. आपून थे सारं नदीत सोडून आलो. आता थेच फुलं घेऊन विहारात जाऊ? थ्या वट्यावर बसनाऱ्याले हसायले आनखी बरं.’’

याच कारणानं तिनं पहिल्यापासून ही झाडं टाळली होती. म्हणून तर परतवाड्याहून नाजूक कलमं आणली, पाऊण कोसावरून पाणी वाहिलं, आणि सशांना मेजवानी दिली. खाऱ्या पाण्यावर, भर उन्हात, सशांच्या तोंडापुढं तग धरणारी झाडं तिच्या दारात होती, आणि ती त्यांच्याकडे पाठ फिरवून बसली होती.

देवमन हात धुऊन आला. मुकी माणसं बोलायच्या आधी शब्द नीट धुऊन घेतात.

‘‘आपून मारोतीले मागनं सोडलं, पंचफुला. झाडाले कुठं सोडलं? थे तं आपल्याच धुऱ्यावर उभं हाय, आपल्याच पान्यावर.’’

 त्या वैशाखी पौर्णिमेला विहारात फुलं नव्हती. पिंपळाची पानं ठेवली गेली, आणि मधोमध त्या एका सदाफुलीची सात फुलं. महादेवराव रस्त्यानं जाताना म्हणाले, ‘‘यंदा फुलायले नाई आले?’’ पंचफुलेनं पदर सारखा केला आणि ती वंदनेला आत गेली.

पण मृगाचा पाऊस पडला त्या आठवड्यात ती विळा घेऊन धुऱ्यावर गेली आणि कण्हेरीच्या बोटाएवढ्या जाड फांद्या तोडून आली. सदाफुलीचं बी भुरभुरलं. गुलबाक्षीचे कांदे खोचले. विहारामागची रुई उपटणं थांबवलं. एके दुपारी मैनाबाई स्वतः आल्या. पदराखाली तगरीचं कलम होतं.

‘‘फूल नको घेऊस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फूल मागितलेलं राहाते. कलम लावलं की लावनाऱ्याचं होते. घे. अन् आमच्या घरी सांगू नको.’’

वर्ष काढणं मला सगळ्यात अवघड गेलं. मी विहाराच्या भिंतीला टेकून होते, मध्ये भोक पडलेली, निरुपयोगी. ससे यायचे. वाफ्यात फिरायचे, हुंगायचे, शिंकल्यासारखं करायचे, आणि निघून जायचे. पंचफुला दर पहाटे येऊन पानं तपासायची. पहिले काही महिने एकेक पान उलटून पाहायची. मग नुसती नजर फिरवायची.

साठ सालच्या वैशाखात कण्हेर डोक्याइतकी उंच नव्हती, पण गुलाबी झुबक्यांनी वाकली होती. सदाफुली पायघडीसारखी पसरली होती. तगरीला पहिली पंधरा-वीस चांदण्यांसारखी फुलं आली. आणि वंदना संध्याकाळी, तर गुलबाक्षीही नेमकी संध्याकाळीच उमलते. पंचफुलेनं टोपलं भरलं, त्यात जांभळट रुईही घेतली, आणि हात धुतले. गोदाबाईनं पहिलं फूल ठेवलं. ते ठेवताना ती तसबिरीकडे नाही, बाहेर माझ्याकडे पाहत होती.

बाहेर रस्त्यावर महादेवराव थांबले होते. इतकी फुलं पाहून माणूस थांबणारच.

‘‘कोनाच्या मळ्यातले?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आमचे,’’ पंचफुला म्हणाली. ‘‘ससायनं पास करून देल्ले.’’

त्यांना ते कळलं नाही. पण आत गोदाबाई इतकी हसली की वंदना क्षणभर थांबली.

मित्रांनो, याला आता सात वर्षं झाली. गोदाबाई नाही. मी अजून आहे. विहाराच्या मागं, कण्हेरीच्या दोन बुंध्यांना ताणून बांधलेली. दर पावसाळ्याआधी आसपासच्या वस्त्यांतून बाया डहाळ्या घेऊन येतात आणि पंचफुलेला विचारतात, ‘‘माय, हे चालन काय?’’ ती म्हणते, ‘‘मले नोका इच्यारू,’’ आणि ती डहाळी माझ्या गाठीला बांधून मला आठ दिवस वाटेवर पसरते. मी परीक्षक झाले. स्वस्थ मात्र अजून नाही. ससा जवळून गेला की अजूनही माझ्या गाठी दचकतात. सवय जात नाही, तिला रोज ताणून बांधावं लागतं.

एकच विनंती आहे. उन्हापावसात माझ्या सुतळ्या विरल्या तर मला नवी अंबाडी लावा, कडा सांधा, मला फेकू नका. जुन्या वस्तूचं काम संपलं असं म्हणण्याआधी तिला एखाद दिवस जमिनीवर पसरून पाहा. पण माझ्या मधोमध ते जे सोळा घरांचं भोक आहे ना, ते शिवू नका. तिन्हीसांजेला एक ससा त्यातून ये-जा करतो. कदाचित त्या मादीचा नातू असेल. तो जातो तेव्हा त्याची पाठ माझ्या तुटल्या टोकांना लागते, आणि तेवढ्यापुरती मी निवांत असते.